बॅटरी बसणे (रेडिओ नियंत्रित गाड्यांतील)

रेडिओ नियंत्रित गाड्या व बोटी चालवणाऱ्या पुनर्भारणीय बॅटरीची धारकता (वीज साठवण्याची क्षमता) वापराने वा काळाने कायमची घटणे आणि तिचा अंतर्गत रोध वाढणे. बोलीत ‘उतरलेली’ आणि ‘बसलेली’ बॅटरी असा जो भेद केला जातो, तो तांत्रिक दृष्टीनेही नेमका आहे : उतरलेली चार्ज केल्यावर पूर्ववत होते, बसलेली होत नाही. मूळ धारकतेच्या 80 टक्क्यांखाली गेलेली बॅटरी संपली असे मानण्याचा संकेत आहे. हौशी चालक मात्र तिच्यावर पुढेही बरेच दिवस काढतात.

निकेल-कॅडमियम सेल स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी 1899 मध्ये तयार केला. या छंदात आधी तो, मग 1990 च्या सुमारास बाजारात आलेला निकेल-मेटल हायड्राइड आणि त्यानंतर लिथियम-पॉलिमर असा क्रम लागतो. दोन्ही निकेल प्रकारांत सेलचा विद्युत् दाब (व्होल्टेज) 1.2 व्होल्ट असून सहा सेल एकसरीत जोडलेला 7.2 व्होल्टचा पॅक रूढ झाला.

स्मृति-परिणाम : पॅक लवकर संपू लागला की ‘मेमरी लागली’ म्हणण्याची पद्धत आहे. ही संज्ञा बहुधा 1960 च्या दशकात उपग्रहांवरील निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या संदर्भात आली. प्रत्येक प्रदक्षिणेत त्या धारकतेच्या साधारण चतुर्थांशापर्यंतच उतरत आणि जादा चार्ज न होता पुन्हा भरल्या जात. असे दीर्घकाळ चालल्यावर त्या टप्प्यापलीकडे दाब एकदम खाली येई, जणू सेलला आपली सवय आठवत होती. गाडीच्या पॅकमध्ये ही अट क्वचितच पुरी होते. गाडी मंदावेपर्यंत पळवली जाते आणि दर वेळी बॅटरी वेगळ्या प्रमाणात उतरते. म्हणून गाड्यांतील बहुतेक तक्रारी खऱ्या स्मृतीच्या नसून वारंवार जादा चार्ज केल्याने येणाऱ्या दाबघटीच्या (सेलचा दाब नेहमीपेक्षा खाली राहण्याच्या) असतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दाबघटीच्या कारणाबद्दल एकवाक्यता नाही. एका मतानुसार कॅडमियमचे स्फटिक मोठे होऊन क्रियाशील पृष्ठभाग कमी होतो. दुसऱ्या मतानुसार ऋण अग्रावर निकेल व कॅडमियमचे आंतरधातवीय संयुग बनते आणि ते किंचित खालच्या दाबाला विसर्जित होते. तिसरे मत धन अग्राकडे बोट दाखवते : जादा चार्जिंगने तेथील निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड ‘गॅमा’ या वेगळ्या स्फटिकरूपात जाते. कॅडमियमचा लवलेश नसलेल्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्येही दाबघट आढळते. ती पहिल्या दोन मतांनी उलगडत नाही, तिसऱ्याने उलगडते. लिथियमला मेमरी नसते हा समजही 2013 मध्ये ढळला. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्था आणि टोयोटाच्या संशोधकांनी लिथियम-आयर्न फॉस्फेट सेलमध्ये असा परिणाम नोंदवला, मात्र तो अगदी सूक्ष्म होता.

निदान : भाराविना मोजलेला दाब जवळजवळ निरुपयोगी असतो; बसलेला पॅकही मीटरवर ऐटीत 7.5 व्होल्ट दाखवतो. भारावरील एकूण दाबही फसवा असतो. पाच सेल 1.2 व्होल्टवर आणि सहावा उलट्या ध्रुवतेने उणे 0.2 व्होल्टवर असला, तरी मीटर 5.8 व्होल्ट दाखवतो आणि पॅक थोडा उतरला आहे एवढेच वाटते. म्हणून बाहेरचे प्लॅस्टिक आवरण जोडपट्ट्यांपुरते कापून मोटारीच्या हेडलाइटचा 12 व्होल्टचा बल्ब भार म्हणून लावतात व प्रत्येक सेल स्वतंत्र मोजतात. काही मिनिटांतच 1 व्होल्टखाली घसरणारा सेल दोषी. धाव संपताच पॅकवरून बोट फिरवले, तर बहुधा तोच इतरांहून गरम लागतो.

अंतर्गत रोधाचे गणित साधे आहे. दर सेलला 10 मिलिओहम धरले तर सहा सेलचे 60 मिलिओहम होतात. मोटरने 30 अँपिअर ओढताच 1.8 व्होल्ट आतच खर्ची पडतात आणि 54 वॉट उष्णता पॅकमध्ये मुरते. वेग वाढवताच स्टीअरिंगचा सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर) थरथरणे किंवा रेडिओ संदेश घेणारा रिसीव्हर क्षणभर बंद पडणे ही त्याचीच खूण, कारण रिसीव्हरही त्याच पॅकवर चालतो. हीच लक्षणे सैल वा काळवंडलेल्या कनेक्टरमुळेही दिसतात. तो गरम होत असेल तर आधी तो बदलावा. कित्येक चांगले पॅक या चुकीपायी टाकले गेले आहेत.

चार्जर पाच मिनिटांत ‘पूर्ण’ दाखवत असेल, तर बऱ्याच दिवसांनी बाहेर काढलेल्या पॅकने त्याला चकवलेले असते. सेल भरल्यावर दाब काही मिलिव्होल्ट उतरतो आणि चार्जर तेवढ्यावर टपून असतो. मरगळलेला सेल तसाच उतार आरंभीच दाखवतो. धारकतेच्या दशांश प्रवाहाने, म्हणजे 3000 मिलिअँपिअर-तासाच्या पॅकला 300 मिलिअँपिअरने, 14 ते 16 तास चार्ज केल्यास सेल समपातळीवर येतात. नंतर दर सेल 1 व्होल्टपर्यंत उतरवून दोन-तीन आवर्तने करतात. दाबघट असेल तर ती याने हटते. आतला विद्युत् विच्छेद्य (अग्रांमधले वीज वाहणारे द्रावण) सुकला असेल तर फरक पडत नाही.

लिथियम-पॉलिमर : सेलचा दाब 3.7, पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट. 3 व्होल्टखाली नेल्यास इजा होते आणि फारच खाली गेल्यास ऋण अग्राचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुढच्या चार्जिंगला तेच तांबे आत साचून शॉर्ट होऊ शकतो. असा पॅक चार्जर नाकारतो, तेव्हा निकेलच्या मोडवर ‘थोडा उचलून’ घेण्याची युक्ती प्रचलित आहे. ती आगीला आमंत्रण देणारी आहे. पूर्ण भरून आठवडेच्या आठवडे ठेवलेला पॅकही लवकर बसतो, म्हणून साठवणीसाठी दर सेल सुमारे 3.8 व्होल्ट ठेवतात. फुगलेल्या पॅकमध्ये विच्छेद्याच्या विघटनाने निघालेला वायू असतो. तो टोचून काढू नये, पॅक बॅटरी संकलनात द्यावा.