गिनी पिगची दादागिरी की खरी मारामारी?

दोन गिनी पिग पहिल्यांदा एकत्र सोडले की पाच मिनिटात घरातलं कोणीतरी ओरडतंच, आमच्याकडे आई ओरडली, "अगं जीव घेईल तो त्याचा, उचल आधी!" आणि मी उचललं पण. तिथेच चुकलं. ते भांडण नव्हतंच, दादागिरी चालली होती. या दोन गोष्टी बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की नवीन माणूस हमखास फसतो, एकतर दादागिरी बघून घाबरतो आणि दोघांना उगाच वेगळं करतो, नाहीतर खरी मारामारी पेटायला आलेली असते आणि हा "खेळतायत बघ" म्हणत मोबाइलवर व्हिडिओ काढत बसतो.

मुळात हा प्राणी कळपातला. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरात माणसाने हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला, एकटं राहणं त्याच्या रक्तातच नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून नियमच आहे की गिनी पिग एकटा पाळायचा नाही. आता कळप म्हटला की वर कोण आणि खाली कोण हे आलंच, आणि ते ठरेपर्यंत जो काही तमाशा होतो तो बघायला आपल्याला जड जातो, त्यांना नाही.

आमचा आधीचा चिवडा, दीड वर्षाचा. दुसरा काजू आणला तेव्हा दोन महिन्यांचा. दुकानदाराने "फिमेल आहे मॅडम, गॅरंटी" म्हणून दिला होता, डॉक्टरांनी उलटा करून बघितला आणि हसले. आमचं नशीब की चिवडा पण नरच. मादी असती तर पंचाईत होती, कारण यांचे नर तीन आठवड्यांचे झाले की कामाला लागू शकतात आणि साधारण दोन सव्वादोन महिन्यात घरात पिल्लं. त्यामुळे जोडी जमवायच्या आधी नर-मादी डॉक्टरकडून बघून घ्या, दुकानदाराच्या गॅरंटीवर जाऊ नका.

तर दादागिरी. चिवड्याने काजूला बघितलं आणि घशातून घुर्रर्र असा आवाज सुरू केला, व्हायब्रेटवर ठेवलेला मोबाइल टेबलावर वाजतो ना अगदी तसा, आणि कंबर डावीकडे-उजवीकडे झुलवत स्लो मोशनमध्ये त्याच्याभोवती फिरायला लागला. याला रंबल स्ट्रटिंग म्हणतात. मग बूड हुंगणं, मागे लागणं, अंगावर चढणं. चढण्यावरून लोक फार लाजतात किंवा घाबरतात, पण नर नरावर चढतो, मादी मादीवर चढते, त्यात बहुतेक वेळा "मी मोठा" एवढंच असतं. मग नाकाला नाक लावून कोण हनुवटी जास्त वर नेतो ही स्पर्धा. मोठ्ठी जांभई देऊन दात दाखवणं हाही त्यातलाच प्रकार, झोप वगैरे आलेली नसते. माद्यांचं अजून एक अस्त्र आहे, मागे लागणारा फारच लागला तर वळून बघत पण नाहीत, मागच्या मागे मुताची पिचकारी मारतात, नेम चांगला असतो.

काजू या सगळ्यात काय करत होता? कुईकुई करत पळत होता. इतकं केविलवाणं ओरडत होता की आईचं काळीज पिळवटलं, साहजिक आहे. पण तो आवाज "वाचवा" असा नसतो, "बरं बाबा तू मोठा, मला सोड" असा असतो. काजू ओरडला, कोपऱ्यात जाऊन खाली बसला, आणि चिवडा दोन सेकंद थांबून गवत खायला निघून गेला. विषय संपला.

माझ्या मते फरक ओळखायची खूण इथेच आहे. सगळे दादागिरी करणाऱ्याकडे बघत बसतात, बघायचं असतं समोरच्याकडे. समोरचा पळतोय, वाकतोय, ओरडतोय, आणि त्याने माघार घेतल्यावर पहिला सोडून देतोय, तर ती दादागिरी, कितीही वाईट दिसली तरी. समोरचा हललाच नाही, उलटा वळून उभा राहिला, तर मात्र उठून जवळ जाऊन बसा.

कारण मारामारी सुरू होताना धावपळ नसते. दोघं थांबतात. अंग ताठ, मानेवरचे आणि पाठीवरचे केस उभे, तोंडं समोरासमोर, डोकी वर, आणि दात वाजायला लागतात, कट-कट-कट-कट, थंडीत आपले वाजतात तसे पण जोरात. मग एकजण झेप घेतो, नुसती टोचणी दिल्यासारखी नाही, तोंड उघडून. पुढे दोघं मागच्या पायांवर उभे, आणि मग एकमेकांत गुंतलेला केसांचा एकच गोळा जमिनीवर गरगर फिरतो, कुठलं डोकं कोणाचं कळत नाही. तो गोळा झाला की ती मारामारी, तिथे वाट बघायची नाही.

मधला भाग अवघड आहे तो दात वाजवण्याचा. नुसते दात वाजले म्हणून वेगळं करू नका, तो इशारा असतो, बऱ्याचदा समोरचा तो ऐकून बाजूला होतो. पण दोघं एकाच वेळी वाजवतायत, केस उभे आहेत आणि कोणीच हटत नाहीये असं असेल तर मध्ये एक पुठ्ठा सरकवा, लक्ष मोडतं. किंवा कोथिंबीर टाका, खरंच सांगते, कोथिंबिरीची जुडी फाडायचा आवाज आला की अर्धी भांडणं तिथेच विसरतात.

गोळा झालाच तर हात घालायचा नाही. ते तुम्हाला चावायचं म्हणून चावत नाहीत, पण मध्ये बोट आलं तर त्यांचे दात बोटाच्या आरपार जायला कमी करत नाहीत. जाड टॉवेल टाका किंवा केर भरायची सुपली मध्ये घाला आणि मग उचला. नंतर अंगावरचे केस बाजूला करून नीट बघा, कारण केसांत जखम दिसत नाही. कानाला ओरखडा किंवा दोन-चार केस उपटलेले एवढंच असेल तर चालतं. खोल चावा, रक्त असेल तर डॉक्टर, आणि घरातली माणसांची अँटिबायोटिकची गोळी चुरून द्यायची नाही म्हणजे नाही, अमॉक्सिसिलिनसारखं साधं वाटणारं औषध तोंडावाटे गेलं तर गिनी पिगच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि त्यात जीवही जातो. असं रक्त काढणारं भांडण झालं की ती जोडी परत जमणं कठीण, मग मध्ये जाळी लावून शेजारी-शेजारी ठेवायचं, वास आणि आवाज तरी मिळतो एकमेकांचा.

आता माझी चूक. मी काजूला उचललं, शांत केलं, अर्ध्या तासाने परत सोडलं. झालं काय, चिवड्याने पहिल्यापासून सुरुवात केली, घुर्रर्र, कंबर, पाठलाग. परत आई ओरडली, परत उचललं. असं तीन वेळा. दर वेळी त्यांचं ठरत आलेलं मी पुसत होते. चौथ्या वेळी आईला चहा करायला पाठवलं आणि मी पायरीवर हात मांडीखाली दाबून बसून राहिले, चाळीस मिनिटात दोघं एकाच ढिगातलं गवत खात होते.

जागा पण धडाची घेतली तेव्हा. आधी चिवड्याच्या पिंजऱ्यातच काजूला सोडलं होतं, म्हणजे त्याच्या घरात पाहुणा घुसवला, तो चिडणारच. नंतर हॉलमध्ये धुतलेली चादर टाकली, जिथे कोणाचाच वास नाही. गवताचे दोन ढीग, पाण्याच्या दोन बाटल्या, आणि खोक्याला दोन दारं कापून घर, एकच दार असेल तर आत अडकलेल्याला माघार घ्यायला वाट राहत नाही आणि मग दादागिरीची मारामारी होते. दोन-तीन तास गेल्यावर पिंजरा स्वच्छ धुऊन दोघांना एकदमच आत. आणि दोघांना पहिल्यांदा भेटवायच्या आधी दोन-तीन आठवडे नवीन आलेला वेगळ्या खोलीत हवा, खरूज, बुरशी, सर्दी काही असेल तर तेवढ्यात कळतं. एकत्र अंघोळ घातली की मैत्री होते असं काहीजण सांगतात, ते करू नका, दोघं भिजून भेदरलेले असतात म्हणून चिकटतात, मैत्री नसते ती.

दुकानात मिळणारा दोन बाय दीड फुटाचा पिंजरा दोघांना पुरत नाही. दोघांना कमीत कमी आठ चौरस फूट, दोन नर असतील तर दहा. आम्ही जाळीचे तुकडे क्लिपांनी जोडून बाल्कनीच्या दाराजवळ केला.

आणि एकदा जमलं म्हणजे जमलं असंही नाही. काजू पाच महिन्यांचा झाला आणि साहेबांना शिंगं फुटली, आता तो घुर्रर्र करत चिवड्याभोवती फिरायला लागला. नरांचं हे वय साधारण तीन-चार महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत चालतं, त्यात भरपूर दादागिरी होते. आमच्याकडे दोन आठवडे दात वाजले, एकदा केस उडाले, सुपली हाताशी ठेवली होती पण लागली नाही. या वेळी आई शांत होती. म्हणाली, "वाकतोय ना एकजण? मग राहू दे."

अजूनही दोघं चिकटून वगैरे झोपत नाहीत, दोन टोकांना दोघं, बहुतेक गिनी पिग असेच झोपतात. कोथिंबीर टाकली की पहिली काडी चिवडा उचलतो. दुसरं टोक काजू त्याच्या तोंडातून ओढून नेतो, आणि चिवडा नुसता बघत राहतो.