पार्श्वभूमी : कोळशी, डोमकळी आणि मॅक्रोचा उजेड

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडच्या संत्राबागेत पान उलटून पाहिले की मागच्या बाजूला काळ्या माशीची पिल्ले चिकटलेली सापडतात. प्रौढ माशी जेमतेम 1 मिलिमीटरची. पिल्लांच्या चिकट, गोड स्रावावर काळी बुरशी चढते, तीच कोळशी. काळे पडलेले पान लांबूनही ओळखू येते. ते काळे करणारा जीव नीट पाहायचा तर मॅक्रोच, म्हणजे अगदी जवळून मोठे करून टिपणारे छायाचित्रणच, लागते.

जवळ जाण्याची किंमत उजेडात मोजावी लागते. लेन्स सेन्सरपासून जितकी पुढे सरकते तितका प्रकाश पसरून क्षीण होतो. 50 मिमीच्या साध्या लेन्सला 50 मिमीच्या ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसवायच्या पोकळ नळ्या) जोडल्या की प्रतिमा वस्तूएवढी, म्हणजे 1:1 होते. पण एफ 8 वर ठेवलेले लेन्सचे छिद्र एफ 16 सारखे वागते (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). दोन स्टॉप गेले, म्हणजे उजेड चौथाईच उरला. शिवाय फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारा धारदार भाग खोलीत उरतो सुमारे 1 मिमी. तो वाढवायला छिद्र एफ 16 केले तर प्रत्यक्षात एफ 32 होते आणि विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळेच चित्र मऊ पडते. या पेचातून सुटण्यासाठीच माणसे पावणेदोनशे वर्षे उजेड शोधत आली आहेत.

इंग्रज छायाचित्रण-संशोधक फॉक्स टॅल्बॉटने 1840 च्या आसपास सूर्यसूक्ष्मदर्शक वापरून, थेट ऊन आत घेऊन, वनस्पतींचे छेद आणि कीटकांचे पंख टिपले. विषय अर्थातच निर्जीव. कार्ल ब्लॉसफेल्टची वनस्पतींची छायाचित्रे 1928 साली पुस्तकरूपात आली. तोही फांद्या कापून, साध्या पडद्यापुढे ठेवून, मऊ दिवसउजेडात काम करी. झाड हलत नाही, म्हणून हे जमले.

समुद्रात अडचण दुप्पट. पाणी लाल रंग आधी गिळते. लुई बुताँने 1893 पासून फ्रान्सच्या बान्यूल्स किनाऱ्यावर पाण्याखाली छायाचित्रे काढली. उजेडासाठी ऑक्सिजन भरलेल्या पिंपावर काचेच्या हंडीत स्पिरिटचा दिवा ठेवला आणि रबरी फुग्याने मॅग्नेशियमची भुकटी ज्योतीवर फुंकली. 1926 साली लाँगली आणि मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ पाण्याखालचे पहिले रंगीत छायाचित्र घेतले, तेव्हा तराफ्यावर पौंडभर मॅग्नेशियम एका वेळी पेटवले जात होते.

खरी सुटका 1930 च्या दशकात झाली. अमेरिकन अभियंता हॅरॉल्ड एजर्टनच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशने उजेडाबरोबर वेगही दिला. आजचा साधा फ्लॅश 1/16 शक्तीवर सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागापुरता पेटतो. चतुराचा पंख तेवढ्यात थांबतो. 1955 साली किलफिटची माक्रो-किलार ही 35 मिमी कॅमेऱ्यासाठीची मॅक्रो लेन्स आली. तरी ट्यूब लावल्यावर फ्लॅश किती द्यायचा हे गणित हातानेच करावे लागे. 1975 च्या ऑलिम्पस ओएम-2 या कॅमेऱ्याने फिल्मवरून परतणारा उजेड मोजून फ्लॅश आपोआप तोडला. मॅक्रोपुरते हे पाऊल नव्या लेन्सपेक्षाही मोठे होते.

नागपुरात ही साखळी ऋतूंना येऊन भिडते. पावसाळ्यात अंबाझरी-गोरेवाड्याकडे तरोटा माजतो, त्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात; पण आभाळ भरलेले, फ्लॅश हवाच. नुसता फ्लॅश चकचकीत पाठीवर पांढरा डाग पाडतो. ट्रेसिंग पेपरचा डिफ्युझर (उजेड पसरवणारा पडदा) विषयापासून 8-10 सेंटिमीटरवर आणा. उजेडाचा पृष्ठभाग जितका जवळ आणि मोठा, तितका डाग मऊ. ओलाव्याने लेन्सवर बुरशी धरते, म्हणून सिलिका जेल टाकलेला घट्ट डबा लागतो. उन्हाळ्यात धूळ, ट्यूब बागेत बदलू नका, घरूनच लावून निघा.

काळ्या माशीसाठी 3:1, म्हणजे सेन्सरवर वस्तूच्या तिप्पट प्रतिमा, लागते. एफ 5.6 वर धारदार थर सुमारे 0.15 मिमीच, म्हणून 0.1 मिमी पुढे सरकत 12-15 फ्रेम घेऊन संगणकावर एकत्र कराव्यात. वाऱ्याने पान हलले की जोडलेल्या चित्रात एकाच्या जागी दोन स्पर्शिका दिसतात. जमिनीत रोवलेल्या काडीला कपड्यांचा चिमटा बांधून देठ धरावा.

कपाशीत डोमकळी टिपताना तिची न उमललेली अवस्था आधी घ्या: गुलाबी बोंडअळी पाकळ्या रेशमी धाग्यांनी बांधून आत बसते आणि फूल गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. मग पाकळ्या अलगद सोडवून अळी घ्यावी. लहान अळी पांढुरकी, गडद डोक्याची असते; गुलाबी रंग वाढल्यावर चढतो. संध्याकाळच्या तांबूस उजेडात पांढरी अळीही गुलाबी दिसते आणि ओळख चुकते. अळीशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा आणि मिलिमीटरची पट्टी ठेवून पहिली फ्रेम घ्या, व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंगांची जुळणी) त्या कागदावरून लावा.