पार्श्वभूमी : स्पिटफायरचे पुढचे चाक आणि किंगपिन नसलेली ‘किंगपिन’

वरुडजवळच्या एका संत्रा बागाइतदाराच्या गोदामात उभ्या असलेल्या ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या पुढच्या चाकांकडचे काम सध्या चालू आहे. शॉकअब्सॉर्बर, विशबोनचे (चाक धरणाऱ्या आडव्या भुजांचे) बुश, टायरॉड एंड आणि स्टेअरिंग रॅकची रबरे बदलायची, हे ठरायला वेळ लागला नाही. घोडे अडले ते चाकामागच्या खालच्या जोडापाशी. आसपासचे मिस्त्री त्याला किंगपिन म्हणतात, आणि तो किंगपिन नाही.

हा जोड मुळात स्पोर्ट्स गाडीसाठी घडवलेलाच नव्हता. १९५९ साली इंग्लंडात आलेल्या ट्रायम्फ हेराल्ड या घरगुती गाडीचे पुढचे सस्पेन्शन, म्हणजे चाके तोलणारी झुलती रचना, १९६२च्या स्पिटफायरने जवळजवळ जसेच्या तसे उचलले आणि १९८०मध्ये उत्पादन थांबेपर्यंत त्याचा मूळ आराखडा टिकला. हेराल्ड २५ फुटांच्या वर्तुळात वळत असे, ही त्या रचनेची मोठी वाहवा होती. लोटस एलानसारख्या नावाजलेल्या गाडीनेही या जोडातला, चाक ज्यावर बसते तो ट्रायम्फचाच उभा दांडा वापरला. आपल्याकडे १९६१पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ तयार होऊ लागली आणि आयात जवळजवळ बंद असलेल्या त्या काळात स्पिटफायरवाल्यांना पुढच्या भागांसाठी भंगारातल्या हेराल्डचाच आधार उरला. सत्तरच्या दशकात हेराल्ड बंद पडल्यावर तोही आधार हळूहळू आटला.

नावाचा घोळ समजण्यासाठी रचना थोडी उलगडावी लागते. चाक ज्या पोलादी उभ्या दांड्यावर बसते, त्याच्या वरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. खालच्या टोकाला मात्र आटे पाडलेले असून ते टोक पिवळ्या धातूच्या एका ओतीव तुकड्यात स्क्रूसारखे फिरते. या तुकड्याला ट्रनियन म्हणतात. स्टेअरिंग वळवले की दांडा या आट्यांत फिरतो. चाक खालीवर झाले की ट्रनियन आपल्या आडव्या बोल्टभोवती नायलॉनच्या बुशांवर झुलतो. स्प्रिंग खालच्या विशबोनवर टेकलेली असल्यामुळे त्या कोपऱ्यावरचा भार या आट्यांतूनच जातो. डाव्या बाजूचे आटे डावे, उजव्या बाजूचे उजवे, त्यामुळे ट्रनियन अदलाबदल करून चालत नाहीत. किंगपिन ही याहून वेगळी वस्तू आहे. ती सरळ, गुळगुळीत पिन असते, बुशांत फिरते, आणि तिला ग्रीस मानवते.

विदर्भातल्या जुन्या मिस्त्र्यांचा हात अ‍ॅम्बॅसडर, फिएट आणि जीपवर बसला, आणि या तिन्हींच्या पुढच्या जोडांना ग्रीस गन लावणे हा सर्व्हिसिंगचा नित्यनेम होता. स्पिटफायरच्या ट्रनियनलाही निपल, म्हणजे ग्रीस गन लावायची छोटी तोटी, बसवण्याची जागा आहे. जागा दिसली, निपल बसला, ग्रीस मारले गेले. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत मात्र दर ६,००० मैलांनी तेथील प्लग काढून, तात्पुरता निपल लावून, गनमधून हायपॉइड गिअर ऑइल, म्हणजे आपल्या बोलीतले ‘नव्वद नंबरचे ऑइल’, बाहेर ओघळेपर्यंत भरावे, असे सांगितले होते. ग्रीस गनमध्ये तेल ही कल्पनाच येथे कोणाला पटली नाही. ‘भाऊ, किंगपिन हाये, ग्रीस त माराच लागते,’ हे उत्तर मी स्वतः निदान तीन गॅरेजांत ऐकले आहे.

तेल आट्यांतून वर चढते, ग्रीस चढत नाही. ते खालीच बसते आणि काही वर्षांनी घट्ट होते. वरच्या बाजूने पाणी व माती शिरली की पोलादी आटे गंजतात, गंजाच्या खळग्यातून बारीक तडा सुरू होतो आणि एके दिवशी दांडा ट्रनियनच्या तोंडाशी तुटून चाक मडगार्डखाली आडवे होते. ग्रीसच्या बाजूने बोलणारेही आहेत: तेल झिरपून जाते, वर्षातून दोनदा भरण्याची शिस्त कोणी पाळत नाही, तेव्हा कोरड्या आट्यांपेक्षा ग्रीस बरे, असा त्यांचा मुद्दा आहे. त्यात तथ्य नाही असे नाही, पण पातळ ग्रीसचा मध्यममार्ग सोडला तर मला तो शिस्तीच्या अभावाचा बचाव वाटतो. गंमत अशी, की वऱ्हाडात बंडीच्या आसाला ओंगण घालणाऱ्या पिढ्यांना पातळ वंगण हवे तिथे पोहोचते आणि घट्ट वंगण जिथल्या तिथे राहते, हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

वरुडच्या गाडीचा डावा ट्रनियन सोडवला, तेव्हा आतून निघालेले ग्रीस मेणबत्तीच्या ठिबक्यासारखे तुटत होते. खालचे आटे चकचकीत, वरचे चार-पाच फेर तांबूस आणि खरखरीत. दांडा धुऊन त्यावर रॉकेल लावले, पुसले, खडूची पूड भुरभुरली आणि थोडा वेळ ठेवला. पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटली, म्हणजे तड्यात शिरलेले रॉकेल बाहेर झिरपले. तिथेच तो दांडा बाद झाला.

सुट्या भागांच्या टंचाईने दुसरी एक पद्धत रूढ केली होती. जिनिंगच्या यंत्रांचे गनमेटल बुश काढणाऱ्या लेथवाल्यांकडून ट्रनियनही करून घेतले जात. काम देखणे होई, परंतु नवीन ट्रनियन जुन्या, झिजलेल्या आट्यांवर चढवला जाई आणि प्ले, म्हणजे जोडातला ढिलेपणा, सहा महिन्यांत परत येई. शिवाय ट्रनियन टोकापर्यंत चढवून मग तो बोल्टाच्या रेषेत येईपर्यंत, एका फेराच्या आतच, मागे घ्यायचा असतो. तो तळाशी आवळून ठेवला तर स्टेअरिंग पूर्ण वळताना दांड्यालाच पीळ बसतो.

‘अपग्रेड’ हा शब्द आपल्याकडे उशिरा आला. काळ्या मातीच्या, पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या रस्त्यांवर सगळीच गाडी खडखडत असल्यामुळे स्टेअरिंगचा प्ले वेगळा जाणवतच नसे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि हौशी मालकांनी जुन्या गाड्या काँक्रीटवर काढल्या, तेव्हा सरळ रस्त्यावरही चक्र सतत सावरावे लागते, हे ध्यानात आले. मग रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे बुश, रॅकसाठी अ‍ॅल्युमिनियमचे क्लॅम्प, घट्टपणा बदलता येणारे शॉकअब्सॉर्बर यांची मागणी सुरू झाली. ट्रनियन काढून त्या जागी बॉल जॉइंट बसवणारे संचही आता परदेशातून मागवता येतात.

या संचांमुळे तेल की ग्रीस हा वाद मुळातूनच संपतो, हे खरे. गाडीच्या मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांना मात्र ते मान्य नाही. पॉलियुरेथेनबाबत माझे मत प्रतिकूल आहे. महामार्गावर ते छान वाटते, पण गोदामापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या पांदणीत प्रत्येक दगड चक्रातून हाताला कळवते. रबरी बुशांची बदनामीही बऱ्याच अंशी बसवण्याच्या चुकीमुळे झाली आहे. गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकांवर वजन आल्यानंतर.

वरुडच्या मालकाने दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन नवे मागवले, विशबोनला रबरच ठेवले आणि रॅकला तेवढे अ‍ॅल्युमिनियमचे क्लॅम्प घेतले. नव्वद नंबरच्या ऑइलसाठी वेगळी गन आणली असून, तिच्यात कोणी चुकून ग्रीस भरू नये म्हणून तिला निळा रंग दिला आहे. डावी बाजू बसली आहे. उजव्या बाजूचा पार्सलमधून आलेला ट्रनियनही डाव्याच आट्यांचा निघाल्यामुळे गाडी अजून ठोकळ्यांवर आहे.