पहाटेच्या सेल्फनंतरची खडखड

जानेवारीत निफाड, पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात पहाटेचा पारा १० अंशांखाली जातो, एखाद्या वर्षी ५ अंशांच्याही खाली. द्राक्ष-कांद्याच्या फेऱ्यांसाठी रात्रभर उघड्यावर थांबलेले ट्रक अशा वेळी सुरू होतात, तेव्हा काहींच्या केबिनखालून खडखड येते आणि थोड्या वेळाने आपोआप थांबते. ड्रायव्हर म्हणतो, गाडी गरम झाली की आवाज जातो. मिस्त्री म्हणतो, टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) असतील. गाडी गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं, त्यामुळे दाखवायला आवाजच उरत नाही. मग अंदाजाने टॅपेट ॲडजस्ट होतात, अंदाजाने नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदलले जातात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खडखड तशीच.

या आवाजाबद्दलची सर्वांत मोलाची माहिती ड्रायव्हरकडेच असते, असं माझं ठाम मत आहे. सेल्फ मारल्यापासून आवाज नेमका किती वेळ टिकला, एवढी ती माहिती. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा, मगच किल्ली फिरवा, आणि चित्रात ऑइल प्रेशर, हवेचं प्रेशर आणि टेंपरेचर दाखवणारे काटे दिसू द्या. निम्मं निदान इथेच होतं.

याचं कारण असं की ‘थंड इंजिन’ म्हणताना आपण चार वेगळ्या गोष्टी एका शब्दात बोलत असतो. तेल रात्रभरात खाली उतरलेलं आणि दाट झालेलं असतं. सिलिंडरमधली हवा गार असते. धातूचे भाग आक्रसलेले असतात. आणि ट्रकच्या बाबतीत एक जादा गोष्ट: ब्रेकच्या टाक्यांतली हवा रात्रीत कमी झालेली किंवा संपलेली असते. यांतली प्रत्येक गोष्ट आपापल्या वेगाने पूर्वपदावर येते, म्हणून खडखडीची मुदत तिच्या कारणाकडे बोट दाखवते.

दोन-चार सेकंदांत थांबणारा आवाज बहुधा तेलाचा असतो. १५ डब्ल्यू ४० प्रतीचं इंजिन ऑइल १०० अंशांना साधारण १४ सेंटिस्टोक दाटपणाचं असतं, ४० अंशांना साधारण ११०. म्हणजे ६० अंश उतरताच दाटपणा आठपट होतो, आणि तिथून १० अंशांपर्यंत येताना तो आणखी कित्येक पटींनी वाढतो. हे दाट तेल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधून ओढून वरच्या रॉकर आणि बेअरिंगपर्यंत पोचवायला पंपाला काही सेकंद लागतात. आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते, ती बंद इंजिनातलं तेल मागे चेंबरमध्ये उतरू देत नाही. ती कडक झाली किंवा फाटली, तर रोज पहाटे फिल्टर आधी भरावा लागतो आणि तोवर वरचे भाग जवळपास कोरडे वाजतात. खूण सोपी आहे: ऑइल प्रेशरचा काटा उचलला की आवाज गेला. अशा वेळी बदलायची वस्तू फिल्टर आहे, टॅपेट नव्हे. त्या सेकंदांत ॲक्सिलरेटरला पायही लावू नये, कारण इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या शाफ्टलाही तेच तेल हवं असतं आणि रेस दिली की तो तेल पोचण्याआधीच पळू लागतो.

मिनिट-दोन मिनिटं टिकणारी कडक, टणटणीत खडखड मात्र ज्वलनाची असू शकते, आणि या आवाजाचं विज्ञान मला सगळ्यांत सुंदर वाटतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे हे तत्त्व चालत्या इंजिनात यशस्वी करून दाखवलं. आता एक ढोबळ हिशेब करू. हवा १७ पट दाबली जाते असं धरा. दुपारची ३५ अंशांची हवा दाबल्यावर साधारण ४५० अंशांपर्यंत तापेल. पहाटेची ५ अंशांची हवा तशीच दाबली तर ३७५ अंशांच्या आसपास थांबेल. बाहेरचा फरक ३० अंशांचा, आतला ७० अंशांहून जास्त. प्रत्यक्षात पहाटेची स्थिती याहून वाईट असते: सिलिंडरच्या गार भिंती उष्णता शोषतात, थंड बॅटरीमुळे सेल्फ हळू फिरतो आणि रिंगांच्या फटीतून हवा निसटायला जास्त वेळ मिळतो.

फवारलेलं डिझेल कधीच त्याच क्षणी पेटत नाही. थेंबांची वाफ होऊन ती पेट घेईपर्यंत थोडा विलंब लागतो. गरम इंजिनात तो मिलिसेकंदाच्या आसपास असतो, थंडीत त्याच्या दुप्पट किंवा अधिक होऊ शकतो. ७०० आरपीएमवर (मिनिटाला ७०० फेरे) क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, एक अंश फिरायला पाव मिलिसेकंदाहून किंचित कमी वेळ घेतो. म्हणजे २ मिलिसेकंदांत क्रँक आठ अंशांहून जास्त पुढे गेलेला असतो, आणि तेवढा वेळ नोझलमधून डिझेल येतच असतं. साठलेलं हे सगळं डिझेल मग एकदम पेटतं, सिलिंडरमधला दाब हळूहळू चढण्याऐवजी उसळतो आणि अख्खा ब्लॉक घणाचा घाव बसावा तसा दणकतो. सोबत सायलेन्सरमधून पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघत असेल तर तो न जळलेल्या डिझेलचा. भिंती तापल्या की विलंब घटतो, आवाज मऊ होतो, धूर ओसरतो.

सगळे सिलिंडर सारखेच वाजत असतील आणि मिनिटभरात निवळत असतील, तर घाबरण्यासारखं फारसं नाही. पण कालपर्यंत इतका आवाज नव्हता आणि आज आहे, तर आधी टाकीत काय भरलं ते आठवा. बीएस-६ डिझेलचा सेटेन आकडा किमान ५१ असावा लागतो. हा आकडा जितका कमी, तितका पेट घ्यायला उशीर. रॉकेलचा सहसा डिझेलपेक्षा कमी असतो. भेसळीचं डिझेल सगळ्यांत आधी थंड इंजिनातच बोलतं.

एकच सिलिंडर वाजत असेल तर संशय नोझलवर. जुन्या इनलाइन पंपाच्या (पंपातून प्रत्येक नोझलला वेगळा पाइप) गाड्यांत मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपाचं नट किंचित सैल करून पाहतात. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर आवाज पडतो तो दोषी. ही पद्धत पंपाच्या गाडीपुरतीच ठेवा. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी नवी रचना) पाइपात दाब १,००० बारच्या पुढे, कित्येक इंजिनांत १,६०० बार आणि त्याहून वर जातो. तिथे नट सैल केलं तर सुईसारखी धार कातडी भेदून आत शिरते. जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते आणि आत हात वाचवायला शस्त्रक्रिया करावी लागते. अशा गाडीत स्कॅनरवरून एकेक सिलिंडर बंद करून पाहतात. मुख्य फवाऱ्याआधी थोडंसं डिझेल सोडून आत आधीच ऊब तयार करायची, ही सोय कॉमन रेलमध्ये असते आणि तिच्यामुळेच नव्या गाड्या पहाटेही कमी वाजतात. एखाद्या नोझलचा हा छोटा फवारा बिघडला की तो एकच सिलिंडर जुन्या गाडीसारखा वाजू लागतो.

आता हवेचा आवाज. हा सगळ्यांत जास्त फसवतो, आणि कारवर शिकलेल्या माणसाच्या डोक्यात तो येतही नाही. ट्रकचा एअर कॉम्प्रेसर बहुधा इंजिनाच्या टायमिंग गिअरवरच फिरतो. पहाटे टाक्या रिकाम्या, म्हणून सेल्फ लागल्यापासून तो सतत भार घेतो. त्याचा पिस्टन वर जाताना गिअर रोखतो, आणि वर दाबून उरलेली हवा त्याला खाली ढकलते तेव्हा गिअर पुढे लोटतो. गिअरच्या दातांत झीज असेल तर या ओढाताणीत ते खडखडतात. दाब ८ बारच्या आसपास पोचला की हवा ‘फुस्स’ करून सुटते, कॉम्प्रेसर मोकळा होतो आणि खडखड थांबते. तोवर काही मिनिटं गेलेली असल्याने इंजिनही थोडं तापलेलं असतं, आणि श्रेय उष्णतेला मिळतं. ‘फुस्स’ आणि शांतता एकाच क्षणी आली का, हे व्हिडिओत तपासा.

खात्री करायला एक प्रयोग पुरे. दुपारी गरम गाडी सपाट जागेवर, चाकांना ओट (अडसर) लावून, न्यूट्रलमध्ये उभी करा. टाक्यांची हवा सोडून द्या आणि पुन्हा सुरू करा. इंजिन गरम, तेल पातळ, फक्त हवा नाही. आता खडखड आली तर तिचा थंडीशी संबंध नव्हता.

पाच-दहा मिनिटं, कधी टेंपरेचरचा काटा मध्यावर येईपर्यंत चालणारा आवाज धातूच्या फटींचा. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतं. १०० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १०० अंश तापला तर ०.२ मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो, त्याच मापाचा लोखंडी लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) ०.१ मिलिमीटरहून थोडा जास्त. उरलेल्या ०.१ मिलिमीटरने थंडीतली फट भरून निघते. लायनर झिजलेला असेल तर ती फट मुळातच मोठी असते आणि पिस्टन प्रत्येक दणक्याला एका भिंतीवरून दुसरीवर आपटतो. याच मुदतीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा नळ) फाटक्या गॅस्केटचा ‘टक-टक’ही बसतो, आणि तो हुबेहूब टॅपेटसारखा लागतो. सांध्यावर काजळीचे काळे ओघळ दिसले तर टॅपेटचं झाकण उघडूही नका.

खरे टॅपेट ओळखायचे तर ताल ऐका. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. ७०० आरपीएमला एका व्हॉल्व्हचा हलका टकटकाट सेकंदाला जेमतेम सहा वेळा येतो आणि गाडी गरम झाली तरी सहसा पूर्ण जात नाही. कमिन्सच्या जुन्या ५.९ लिटर बी मालिकेत थंड इंजिनावर इनटेकची फट ०.२५ आणि एक्झॉस्टची ०.५१ मिलिमीटर ठेवतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, जास्त लांबतो, म्हणून त्याला दुप्पट जागा. आवाज घालवायचा म्हणून ही फट मापापेक्षा कमी केली तर गाडी शांत होते, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. इथे फट मोजणाऱ्या फिलर गेजचं ऐकायचं, कानाचं नाही.

लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून कानाला लावायची जुनी रीत चांगली आहे. मात्र गळ्यातला मफलर आधी काढून ठेवा, पंखा जवळच असतो. क्लच दाबून पाहणंही विसरू नका. दाबल्यावर आवाज थांबला तर तो गिअरबॉक्सकडचा, दाबल्यावरच आला तर क्लचच्या रिलीज बेअरिंगचा.

आणि एक आवाज उलट्या वेळापत्रकाने चालतो. सुरू होताना क्षणभर खोल ‘ठक-ठक’ येते, तेल पोचताच जाते, दिवसभर काही नाही, आणि घाटात भरलेल्या गाडीवर, तेल पातळ झालेलं असताना पुन्हा येते. झिजलेल्या बेअरिंगची फट दाट तेलाने सकाळभर झाकलेली असते. हा आवाज ऐकू आला आणि गरम इंजिनावर आयडलला ऑइल प्रेशर नेहमीपेक्षा खाली दिसलं, तर गाडी तिथेच बंद करा, फिल्टर कापून कागदाच्या घड्यांत धातूची चमक शोधा आणि ती सापडली तर भाडं दुसऱ्या गाडीला देऊन टाका.