केंड माशाचं विष चढलं तरी हृदय का चालू राहतं

कोकणात मच्छीमारांच्या जाळ्यात कधीकधी एक मासा येतो, बाहेर काढला की पोट फुग्यासारखं फुगवतो, दात असे की जाळी कुरतडून टाकतो. त्याला केंड म्हणतात. आपल्याकडे कुणी तो हौसेनं खात नाही, पण जपानमध्ये याच्याच भाऊबंदांना फुगू म्हणतात आणि तिथे लायसन्स असलेला आचारीच तो कापतो, कारण काही जातींच्या लिव्हरमध्ये आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. चुकून पोटात गेलं तर आधी ओठ आणि जीभ बधिर होते, मग हातपाय लुळे पडतात, मग श्वासाचे स्नायू थांबतात. पेशंट पूर्ण शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकू येतं पण पापणीही हलवता येत नाही. उतारा म्हणून कुठलंही औषध नाही, व्हेंटिलेटर लावायचा आणि विष शरीरातून निघून जायची वाट बघायची, पहिले 24 तास निघाले तर बहुतेक जण वाचतात.

आणि एवढं सगळं बंद पडलेलं असताना हृदय चालू असतं. बीपी खाली जातं, ठोके मंदावू शकतात, पण ते धडधडत राहतं म्हणूनच व्हेंटिलेटरचा उपयोग होतो. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी कितीतरी वेळ त्यावरच अडकलो होतो, कारण मज्जातंतू, हातापायाचे स्नायू आणि हृदय हे तिन्ही विजेवरच चालतात आणि तिघांतही ती वीज सुरू करणारा दरवाजा एकच शिकवला जातो, सोडियम चॅनेल. मग विषानं दोन ठिकाणचे दरवाजे लावले आणि तिसरा सोडला कसा?

आधी दरवाजाबद्दल थोडं. पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर, आत कमी. पेशीच्या आवरणात एक प्रोटीन असतं, त्याच्या मधोमध बोगदा असतो, आवरणावरचं व्होल्टेज जरा बदललं की तो उघडतो, सोडियम आत घुसतो आणि एक-दोन मिलिसेकंदात दरवाजा आपोआप बंद होतो. हा धक्का पुढच्या दरवाजाला उघडतो, तो त्याच्या पुढच्याला, असा सिग्नल पळत जातो. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी 1952 मध्ये माकुळाच्या जाड मज्जातंतूवर हे सगळं मोजून गणितात बसवलं, पण सोडियम जातो तो नेमका कशातून हे तेव्हा कुणालाच दाखवता येत नव्हतं.

तिथे विष कामाला आलं. तोशिओ नाराहाशी यांनी 1960 मध्ये जपानमध्ये बेडकाच्या स्नायूवर टेट्रोडोटॉक्सिन लावून बघितलं, आणि मग अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जॉन मूर यांच्याबरोबर लॉब्स्टरच्या मज्जातंतूवर काटेकोर मोजमाप केलं, ते 1964 मध्ये छापून आलं. सोडियमचा आत येणारा प्रवाह पूर्ण बंद, पेशीतून बाहेर जाणाऱ्या पोटॅशियमचा जसाच्या तसा. म्हणजे दोघांचे रस्ते वेगळे आहेत हे एका विषानं सिद्ध केलं. तोपर्यंत विष म्हणजे मारणारी वस्तू होती, इथून पुढे ते मोजपट्टी झालं, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वात मोठा क्षण आहे.

मग लोकांनी तीच मोजपट्टी हृदयाला लावली. मज्जातंतू आणि हातापायाच्या स्नायूत साधारण 10 नॅनोमोलर एवढं विष अर्धे दरवाजे बंद करायला पुरतं. 10 नॅनोमोलर म्हणजे किती ते सांगतो, ऑलिम्पिकच्या पोहण्याच्या तलावात साधारण पाव चमचा मीठ टाकून ढवळलं तर मिठाचं प्रमाण त्याच्या आसपास भरेल. हृदयाला मात्र त्याच्या शंभर ते दोनशे पट जास्त लागतं. म्हणजे दरवाजा तोच नाही, दिसायला सारखा पण कुठेतरी वेगळा, आणि हे कळलं तेव्हा या चॅनेलचा एकही जीन कुणी वाचलेला नव्हता.

पण टेट्रोडोटॉक्सिनची एक मर्यादा होती. हृदय वेगळं काढता आलं, पण मज्जातंतू आणि स्नायू यांच्यात त्याला फरक कळत नाही, दोन्ही सारखेच बंद. तो फरक दाखवला एका समुद्री गोगलगायीनं. कोनस जिओग्राफस, शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख, तोंडात भाल्यासारखा दात, मासे मारून खाते आणि माणसंही तिच्या डंखानं मेलेली आहेत. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा आणि लुर्डेस क्रूझ यांनी या शंखांच्या विषावर काम सुरू केलं, ऑलिव्हेरा पुढे अमेरिकेत युटा विद्यापीठात गेले. 1985 मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं की या विषातले म्यू-कोनोटॉक्सिन नावाचे छोटे तुकडे स्नायूचं सोडियम चॅनेल बंद करतात आणि मज्जातंतूच्या चॅनेलला जवळजवळ हातच लावत नाहीत. तुकडा केवढा, तर फक्त 22 अमायनो अ‍ॅसिडचा (प्रोटीनची साखळी ज्या मण्यांची बनते ते मणी), तीन सल्फरच्या गाठींनी घट्ट बांधलेला, आणि त्याच्यावरचं 13 नंबरचं आर्जिनिन हे बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसं बोगद्याच्या तोंडात जाऊन बसतं.

याचा प्रयोगशाळेत उपयोग काय झाला तो बघा. मज्जातंतू स्नायूला हुकूम कसा देतो हे मोजायचं असेल तर उंदराचं श्वासपटल त्याच्या मज्जातंतूसकट काढून डिशमध्ये पिनांनी ताणून लावतात आणि केसापेक्षा बारीक टोकाची काचेची सुई स्नायूच्या एका पेशीत टोचतात. आता मज्जातंतूला करंट दिला की स्नायू आखडतो, सुई निसटते किंवा तुटते आणि तासाभराची मेहनत वाया. पूर्वी यावर क्युरारे नावाचं स्नायू लुळे पाडणारं विष घालायचे, पण क्युरारे तर तो हुकूमच दाबून टाकतं, जे मोजायचंय तेच लहान होतं. म्यू-कोनोटॉक्सिन घातलं की मज्जातंतू नेहमीसारखा हुकूम सोडतो, तो स्नायूपर्यंत पोचतो, पण स्नायूचा स्वतःचा भडका उडत नाही. सुई शांत राहते आणि स्क्रीनवर तो सिग्नल पूर्ण उंचीचा दिसतो.

आज आपल्याला माहीत आहे की सोडियम चॅनेलचे असे नऊ प्रकार आहेत, 1.1 ते 1.9 असे नंबर दिलेत. 1.4 हातापायाच्या स्नायूत, 1.5 हृदयात, 1.1, 1.2 आणि 1.6 मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतूंमध्ये, 1.7, 1.8, 1.9 वेदना नेणाऱ्या तंतूंमध्ये. दोन हजारच्या आसपास अमायनो अ‍ॅसिडची ही लांबलचक प्रोटीनं, आणि हृदय का वाचतं याचं उत्तर त्यातल्या एका जागेवर आहे. बोगद्याच्या तोंडाशी स्नायू आणि मेंदूच्या चॅनेलमध्ये टायरोसिन किंवा फेनिलअ‍ॅलनिन हे अमायनो अ‍ॅसिड असतं, चपट्या कड्याचं, विष त्याला चिकटून छान बसतं. हृदयाच्या चॅनेलमध्ये त्याच जागी, माणसात 373 नंबरला, सिस्टीन आहे, तिथे विषाला धरायला काही नाही. 1992 मध्ये संशोधकांनी उंदराच्या हृदयाच्या चॅनेलमधलं ते एकच अमायनो अ‍ॅसिड बदलून बघितलं आणि ते टेट्रोडोटॉक्सिनला शेकडो पट जास्त बळी पडायला लागलं. उलट कॅडमियम धातू सिस्टीनला चिकटतो म्हणून मूळ हृदयाच्या चॅनेलला तो जास्त त्रास देतो, सिस्टीन बदललं की तो त्रास कमी. आणि फुगूला स्वतःचं विष का बाधत नाही? त्याच्या स्नायूच्या चॅनेलमध्ये नेमक्या ह्याच जागी टायरोसिन जाऊन अ‍ॅस्परजिन आलेलं आहे.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो 1971 चा प्रयोग. उंदराच्या पायाच्या स्नायूकडे जाणारा मज्जातंतू कापला आणि काही दिवसांनी त्या स्नायूवर टेट्रोडोटॉक्सिन लावलं, तर स्नायूची वीज पूर्ण थांबेना. पुढे जीन हाती आले तेव्हा कळलं की मज्जातंतूचा संपर्क तुटलेला स्नायू हृदयाचं चॅनेल बनवायला लागतो, नवजात पिल्लाच्या स्नायूतही तेच असतं. म्हणजे स्नायूनं कुठला दरवाजा बसवायचा हे मज्जातंतू रोज सांगत असतो, तो गप्प झाला की स्नायू आपल्या लहानपणीच्या दरवाजाकडे परत जातो!

कोकणातल्याच लाल विंचवाचं विषही सोडियम चॅनेलवरच जातं, पण उलट्या बाजूनं, ते दरवाजा लवकर बंद होऊ देत नाही, म्हणून मज्जातंतू भडकत राहतात आणि हृदयावर प्रचंड ताण येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन किती जीव वाचवले ते आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे. विंचवाचं विष चॅनेलवर वेगळ्या जागी बसतं, बोगद्याच्या तोंडात नाही.

आता वेदनेकडे. वेदना नेणाऱ्या बारीक पेशींवर टेट्रोडोटॉक्सिन कितीही घाला, त्यांचा सोडियमचा प्रवाह काही संपत नव्हता, हृदयापेक्षाही हट्टी. त्या शिल्लक राहिलेल्या प्रवाहाचा पाठलाग करतच 1996 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जॉन वूड यांच्या गटाला 1.8 चा जीन सापडला. दाताच्या डॉक्टरकडचं लिडोकेनचं इंजेक्शन हे सगळे प्रकार कमीजास्त बंद करतं, म्हणूनच ते हिरडीपुरतं ठेवायचं, रक्तात जास्त गेलं तर हृदय आणि मेंदू दोन्ही धोक्यात. फक्त 1.8 बंद करणारी गोळी मिळाली तर हृदयाचं 1.5, स्नायूचं 1.4, मेंदूचे सगळे तसेच चालू राहतील, असा हिशोब होता आणि त्यावर वर्षानुवर्षं काम चाललं. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन नावाच्या अशा गोळीला परवानगी मिळाली, ऑपरेशननंतर होते तशा अचानकच्या मध्यम ते तीव्र दुखण्यासाठी. तिच्यात कुठलंच विष नाही, पण 1.8 ला ती बाकीच्या आठ भावंडांपेक्षा हजारो पट जास्त सहज धरते, आणि ती घेतलेला पेशंट बेडवरून उठून चालू शकतो, दीर्घ श्वास घेऊ शकतो.