रिपोर्टातली वारेची ओळ

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की घरचे आधी बाळाचे ठोके बघतात, मग वजन, मग बाळंतपणाची तारीख. मधे कुठेतरी 'प्लासेंटा अँटिरिअर, ग्रेड दोन' अशी एक ओळ असते. तिच्याबद्दल क्वचितच कोणी विचारतं. ही ओळ वारेची, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या अवयवाची; 'अँटिरिअर' म्हणजे ती गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला आहे. सातारा-सांगलीत ती इतकी मागे का राहिली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

सुईणीच्या काळात वार दिसायची ती पडल्यावरच. बाळ रडलं तरी सुईण जागची हलत नसे. वार पूर्ण पडली का, एखादा तुकडा आत राहिला का, हे बघून मगच ती हात धुवायची. मग वार घराजवळ पुरली जायची. नऊ महिने बाळाला पोसणारा हा सुमारे अर्धा किलोचा अवयव डोळ्यांना दिसायचा तो त्याचं काम संपल्यावर.

दवाखान्यातही फार वेगळं नव्हतं. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचं हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी तिकडे जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. पण क्ष-किरणांत बाळाची हाडं उमटतात, मऊ वार जवळजवळ उमटत नाही. १९३० च्या दशकात परदेशातले डॉक्टर बाळाचं डोकं आणि मूत्राशय यांच्यातल्या अंतरावरून वार खाली, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाजवळ, आहे का याचा अंदाज बांधत. १९५० च्या दशकात आईच्या रक्तात किरणोत्सारी पदार्थ सोडून तो कुठे साठतो हेही मोजून झालं. नाहीतर ऑपरेशनची सगळी तयारी ठेवून हाताने तपासायचं, आणि त्या तपासणीनेच रक्ताची धार लागायची भीती. पुढे १९५६ मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी गरोदरपणातल्या एक्स-रेचा मुलांच्या कॅन्सरशी असलेला संबंध दाखवला, आणि ती वाटही धोक्याची ठरली.

ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी एका बॉयलर कारखान्यात नेल्या आणि धातूतला तडा शोधणाऱ्या यंत्राखाली धरून पाहिल्या. त्यातून १९५८ चा त्यांचा प्रसिद्ध शोधनिबंध आला. ध्वनिलहरींनी पोटातलं दिसू लागलं, आणि १९६० च्या दशकात वारेची जागा त्यावर सांगता येऊ लागली. माझ्या मते सोनोग्राफीने आयांना दिलेली पहिली मोठी भेट हीच. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर ते आधीच कळतं, आणि त्या बाईला रक्तस्राव सुरू होण्याआधी मोठ्या दवाखान्यात नेता येतं.

रिपोर्टातला 'ग्रेड' १९७९ चा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी वारेत साठणाऱ्या चुन्याच्या ठिपक्यांवरून शून्य ते तीन अशी वर्गवारी केली. दिवस भरत आले की वार पिकते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत ग्रेड तीन दिसला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. तो फार लवकर दिसला तर मात्र बारकाईने बघावं लागतं. नुसत्या ग्रेडवरून बाळाचं भविष्य सांगता येत नाही, हे पुढच्या अनुभवाने स्पष्ट झालं.

खरा फरक पडला डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीने. १९७७ मध्ये डब्लिनच्या डॉक्टरांनी नाळेतल्या रक्ताचा वेग ध्वनिलहरींनी टिपला. १९८३ मध्ये लंडनच्या स्ट्युअर्ट कॅम्पबेल यांच्या गटाने गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा प्रवाह तसाच मोजला. वार निरोगी असली की तिच्यातला अडथळा कमी असतो, म्हणून बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही रक्त पुढे सरकत राहतं. वार बिघडत गेली की हा मधला प्रवाह आधी मंदावतो, मग थांबतो, आणि फार बिघडली तर उलटा वळतो. बाळ वाढत का नाही, अजून थांबायचं की बाळंतपण लवकर करायचं, याचा निर्णय त्या आलेखावर ठरू लागला. लोक त्याला 'रंगीत सोनोग्राफी' म्हणतात. जोखमीच्या गरोदरपणात तिने बाळं दगावण्याचं प्रमाण कमी होतं.

आपल्याकडे सोनोग्राफीचं यंत्र गावोगाव पोचलं तेव्हा त्याच्याकडून वेगळंच उत्तर मागितलं गेलं: मुलगा की मुलगी. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे सांगली जिल्ह्यात ८५१ मुली होत्या, साताऱ्यात ८७८. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच देशातला पहिला कायदा केला होता, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्या दिवसांत झालेला संताप मला आजही योग्यच वाटतो. पण त्या सावलीत सोनोग्राफीचं मूळ काम झाकलं गेलं, याची खंत राहते. कायद्याच्या 'एफ' फॉर्ममध्ये तपासणीच्या मान्य कारणांची यादी असते. तिच्यात वारेची जागा, जाडी, ग्रेड आणि दोष तपासणं हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे.

एमआरआयची पाळी क्वचित येते. आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर वार रुतल्याची शंका असेल आणि सोनोग्राफीत नीट कळत नसेल, तेव्हा तो करतात. सिझेरियन वाढली तशी ही शंकाही वाढली आहे.

विसाव्या आठवड्यात 'वार खाली' असं लिहिलं असलं तरी गर्भाशय वाढेल तशी बहुतेकींची वार वर सरकते. म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा बघायला सांगतात. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. पण जत-आटपाडीची किंवा माणची एखादी बाई पहिली सोनोग्राफी गावाकडे करून टोळीबरोबर ऊसतोडीला निघते. दुसऱ्या सोनोग्राफीची वेळ येते तेव्हा ती वाळव्याच्या किंवा कराडच्या फडात असते, आणि 'वार खाली, पुन्हा तपासा' असं लिहिलेला कागद कोपीतल्या पत्र्याच्या पेटीत.