स्कँडिनेव्हियन पर्वत

स्कँडिनेव्हियन पर्वत : उत्तर युरोपातील सर्वांत लांब पर्वतश्रेणी. लांबी सु. १,७०० किमी. ती नैर्ऋत्य-ईशान्य दिशेने पसरली असून बहुतेक भाग नॉर्वेत, पूर्वेकडचे उतार स्वीडनमध्ये आणि एक लहानसा कोपरा फिनलंडमध्ये येतो. गाल्होपिग्गेन (२,४६९ मी.) हे सर्वोच्च शिखर दक्षिण नॉर्वेतील योटुनहाइमेन भागात आहे. आल्प्सपुढे ही उंची निम्मीच भरते. पण येथे उंचीपेक्षा बर्फाचा हिशेब मोठा.

मूळ पर्वत फार जुना. सु. ४९ ते ३९ कोटी वर्षांपूर्वी लॉरेन्शिया आणि बाल्टिका ही भूखंडे एकमेकांवर आदळली, मधला आयापेटस महासागर मिटला आणि खडकांचे प्रचंड पत्रे पूर्वेकडे सरकत एकमेकांवर चढले. स्वीडनमधील ओरेस्कूटान डोंगराच्या माथ्यावर जुना पट्टिताश्म (नाइस) खडक आहे आणि त्याच्या पायाशी त्याहून तरुण थर. ही उलथापालथ उकलताना स्वीडिश भूवैज्ञानिक ट्योर्नेबूम यांनी १८८८ मध्ये खडक दूरवरून सरकत आल्याची कल्पना मांडली. स्कॉटलंडचा डोंगराळ प्रदेश याच घडामोडीतला. तो आदिपर्वत झिजून गेला. आजची उंची खूप नंतरच्या उत्थानाची आहे आणि त्याच्या कारणांवर अजून एकमत नाही. समुद्राकडे तुटलेला कडा आणि मागे हळूहळू उतरत जाणारा प्रदेश ही ठेवण सह्याद्रीसारखीच; भूवैज्ञानिकही खंडांच्या उंचावलेल्या किनाऱ्यांचा विचार करताना दोघांना एकत्र घेतात.

आजचे रूप हिमयुगांनी कोरले. हिमनद्यांनी दऱ्या समुद्रसपाटीच्याही खाली खोदल्या आणि बर्फ हटल्यावर त्यांत समुद्र शिरला, तेच फ्योर्ड. सोग्नेफ्योर्ड २०० किमी.हून लांब आणि १,३०० मी.हून खोल आहे, म्हणजे योटुनहाइमेनच्या पायथ्यापर्यंत खारे पाणी पोहोचते. त्याच्या उत्तरेस योस्टेडाल्सब्रेएन ही युरोपच्या मुख्य भूमीवरील सर्वांत मोठी हिमनदी आहे.

अटलांटिकचे ओले वारे पश्चिम उतारावर अडतात. बर्गेनला वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. डोंगराआडच्या श्यॉकला ३०० मिमी.च्या आसपास. तेथील शेतकऱ्यांनी पूर्वापार लाकडी पाटांनी डोंगरातले पाणी शेतात आणले. नॉर्वेत शेतीला पाणी द्यावे लागते, हे पटकन खरे वाटत नाही. जंगलाची वरची सीमा भूर्ज वृक्षांची असते. त्यापुढे खुरटी झुडपे, शेवाळ आणि दगडफूल. दक्षिणेकडील हार्डांगरविडा पठारावर रानटी रेनडिअरांचे मोठे कळप आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये तेथे एका वादळात वीज पडून ३२३ रेनडिअर एकाच ठिकाणी मेले.

शिखरांवरचा बर्फ वितळू लागल्याने उंचीचे आकडेही बदलतात. ग्लिटरटिंड कधी काळी माथ्यावरच्या बर्फासकट गाल्होपिग्गेनशी स्पर्धा करत असे. आता ते मागे पडले आहे. स्वीडनमधील केब्नेकाइसेचे दक्षिण शिखर हिमाच्छादित, तर उत्तर शिखर निव्वळ खडकाचे (सु. २,०९७ मी.). २०१९ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठाच्या मोजणीत दक्षिण शिखर खाली गेले आणि देशातील सर्वोच्च जागेचा मान उत्तर शिखराकडे आला. जवळच्या स्टोरग्लासिएरेन हिमनदीची भर-घट १९४५-४६ पासून अखंड नोंदली जाते. वितळणाऱ्या बर्फातून जुन्या वस्तूही बाहेर येतात : नॉर्वेतील लेंडब्रेएन खिंडीत सु. इ. स. ३०० चा लोकरी अंगरखा सापडला, तर नॉर्वेतीलच डिगरवार्डेन येथे सु. १,३०० वर्षांपूर्वीच्या स्कीची जोडी मिळाली. तिचा एक नग २०१४ मध्ये हाती आला आणि दुसरा २०२१ मध्ये, काही मीटरांवर.

येथील मूळ रहिवासी सामी लोक रेनडिअर घेऊन ऋतूनुसार डोंगर ओलांडतात. १७५१ च्या नॉर्वे-स्वीडन सीमाकराराला जोडलेल्या पुरवणीत हा हक्क लेखी मान्य झाला. सीमांची दुसरी गोष्ट हलकीफुलकी. हाल्टी डोंगराचा माथा नॉर्वेत आहे. फिनलंडच्या वाट्याला उतारावरची १,३२४ मी. उंचीची जागा आली. स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त (२०१७) हा माथाच फिनलंडला भेट द्यावा, अशी मोहीम नॉर्वेत निघाली. लोकांना कल्पना आवडली, पण राज्य अविभाज्य असल्याचे राज्यघटनेतले कलम दाखवून पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी नकार दिला.

तीव्र उतार आणि भरपूर पाणी यांमुळे नॉर्वेची बहुतेक वीज जलविद्युत आहे. स्वीडनने त्यासाठी मोठी किंमत मोजली. १९०९ मध्ये स्टूरा शोफालेट धबधब्याभोवती राष्ट्रीय उद्यान झाले. दहा वर्षांनी सुओर्वा धरणासाठी त्यातून नदीचाच भाग वगळण्यात आला. उद्यान आजही त्या धबधब्याचेच नाव लावते आणि १९९६ पासून जागतिक वारसा यादीतील लापोनिया क्षेत्रात मोडते.